परिवीक्षा आणि भरपाई : फौजदारी न्यायातील दोन संकल्पना व त्यांची भाषा

१

नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांतील नित्याच्या बोलण्यात फौजदारी खटल्याचा शेवट सांगण्यासाठी बहुधा एकच क्रियापद योजले जाते : ‘सुटला’. पुराव्याच्या अभावी निर्दोष ठरलेला आरोपी सुटतो; खटला चालू असता जामिनावर मोकळा झालेला सुटतो; शिक्षा भोगून घरी आलेला सुटतो; फिर्यादीने समेट केला म्हणजेही तो सुटतो. आणि गुन्हा शाबीत होऊनही ज्याला न्यायालयाने शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले, तोही गावाच्या भाषेत सुटलेलाच असतो. कायद्याच्या दृष्टीने ह्या पाच अवस्था एकमेकींपासून अगदी भिन्न आहेत. पाचव्या अवस्थेतील इसम तर खऱ्या अर्थाने सुटलेला नसतोच. त्याच्या अपराधाचा निर्णय झालेला असतो, शिक्षा मात्र राखून ठेवलेली असते. ‘सुटलो’ ह्या समजुतीने त्याने बंधपत्रातील अटींकडे दुर्लक्ष केले, तर मूळ गुन्ह्याची शिक्षा त्याच्यासमोर पुन्हा उभी राहू शकते.

असाच दुसरा घोटाळा पैशासंबंधी होतो. न्यायालयाच्या हुकुमावरून आरोपीने भरलेल्या कोणत्याही रकमेस लोक ‘दंड’ म्हणतात. वस्तुतः दंड सरकारजमा होतो, तर भरपाई ही ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती पडावयाची असते. हा भेद न कळल्याने ज्याला पैसे मिळावयाचे तो ते मागत नाही आणि ज्याला द्यावयाचे त्याला ते कोणाचे देणे आहे हे उमगत नाही.

भाषेच्या अभ्यासकाने कायद्याच्या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ ह्याच्या कलम ४ मधील पाचव्या पोटकलमानुसार, देखरेखीचा आदेश देणाऱ्या न्यायालयाने त्यातील अटी अपराध्याला समजावून सांगितल्या पाहिजेत आणि आदेशाची एकेक प्रत अपराधी, जामीनदार व परिवीक्षा अधिकारी ह्यांना ताबडतोब दिली पाहिजे. समजावून सांगणे हे येथे सौजन्य नसून कर्तव्य आहे. जेथे समजणे हीच कायद्याची अट आहे, तेथे शब्दांचा विचार अप्रस्तुत ठरत नाही. ह्या दृष्टीने प्रस्तुत लेखात परिवीक्षा व भरपाई ह्या दोन व्यवस्थांचे स्वरूप प्रथम मांडून, नंतर त्यांच्या मराठी परिभाषेचा विचार केला आहे.

२

अपराध्याला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली समाजातच ठेवावे, ह्या आधुनिक पद्धतीचा आरंभ सामान्यतः अमेरिकेतील बोस्टन येथील जॉन ऑगस्टस ह्या चर्मकाराच्या कार्यापासून मानतात. १८४१ साली त्याने मद्यपानाबद्दल पकडलेल्या एका इसमाची हमी न्यायालयात घेतली व काही दिवसांनी त्याला सुधारलेल्या स्थितीत पुन्हा उभे केले. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८७८ मध्ये ह्या प्रथेला कायद्याचे रूप दिले. ब्रिटनमध्ये १९०७ साली तसा कायदा झाला आणि उपदेश करणे, साहाय्य करणे व मैत्री करणे अशी अधिकाऱ्याची कर्तव्ये त्यात नमूद झाली. हिंदुस्थानात १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५६२ मध्ये ह्या तत्त्वाचा मर्यादित स्वीकार होता. मुंबई प्रांताने १९३८ मध्ये स्वतंत्र कायदा केला. परंतु तो मराठवाड्यास लागू नव्हता. त्या काळी हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. तेथील फौजदारी कायदे निराळे आणि न्यायालयाची भाषा उर्दू होती. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५१ मध्ये अखिल भारतीय संहिता येथे लागू झाली आणि १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला. अखेर १९५८ च्या केंद्रीय अधिनियमाने ह्या विषयाला देशभर एक चौकट प्राप्त झाली. कायद्यांची ही उलथापालथ अवघ्या दहा वर्षांची आहे. तिचे पडसाद येथील कज्जेदलालीच्या शब्दसंपत्तीत आजही ऐकू येतात.

कल्पनेचे मूळ मात्र सर्वस्वी परकीय आहे, असे म्हणता येत नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत दंडाचे चार प्रकार सांगितले आहेत : धिग्दंड, वाग्दंड, धनदंड व वधदंड. पहिल्या दोहोंत शिक्षा शब्दांनीच पुरी होते. १९५८ च्या अधिनियमाचे कलम ३ समज देऊन सोडण्याची जी तरतूद करते, तिचे वाग्दंडाशी असलेले साम्य सहज ध्यानात येईल. ह्याच स्मृतीत चोराकडून चोरीचा माल धन्यास परत देववावा, आणि चोरीस गेलेले द्रव्य राजाने प्रजाजनास द्यावे, असे दोन्ही नियम आहेत. ह्या स्मृतीवरील सर्वांत मान्य टीका, मिताक्षरा, विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणी येथे रचली. लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे फार दूर नसलेले आजचे बसवकल्याण तेच होय. तेव्हा भरपाईचा शास्त्रीय विचार ह्या मुलखाला नवा नाही, असे म्हणावयास हरकत नाही.

३

आता अधिनियमाची रचना पाहू. त्यात अपराध्याला सोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला समज देण्याचा. साधी चोरी, फसवणूक ह्यांसारखे काही गुन्हे किंवा दोन वर्षांपेक्षा अधिक कैद नसलेले गुन्हे ज्याच्यावर प्रथमच शाबीत झाले, त्याला न्यायालय योग्य ती समज देऊन सोडू शकते. दुसरा मार्ग कलम ४ चा. ज्या गुन्ह्यास मृत्यूची किंवा आजन्म कारावासाची शिक्षा नाही, अशा गुन्ह्यात न्यायालय तत्काळ शिक्षा न देता अपराध्याकडून बंधपत्र लिहून घेते. बोलावणे येईल तेव्हा हजर होऊन शिक्षा स्वीकारीन आणि तोवर शांतता राखून नीट वागेन, असा त्याचा आशय असतो. त्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. जामीनदार असावा की नसावा हे न्यायालय ठरविते. त्याच्या जोडीला परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीचा आदेश दिल्यास ती देखरेख निदान एक वर्षाची असावी लागते. राहण्याचे ठिकाण, मादक पदार्थांपासून दूर राहणे वगैरे अटी घालता येतात.

एकवीस वर्षांखालील अपराध्याच्या बाबतीत कलम ६ अधिक कडक आहे, आणि हा कडकपणा न्यायालयासाठी आहे. अशा तरुणास कैदेची शिक्षा द्यावयाची, तर कलम ३ किंवा ४ का वापरता येत नाही ह्याची कारणे लिहून ठेवावी लागतात. तत्पूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा लागतो. १९६४ साली पंजाबातून आलेल्या सोळा वर्षांच्या मुलाच्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने ह्या कायद्याकडे सुधारणेच्या दृष्टीने पाहावे, असे ठरविले. खालच्या न्यायालयात शिक्षा झाली तेव्हा हा कायदा त्या भागात लागू नव्हता. तरीही त्याचा लाभ त्या मुलास अपिलात मिळू शकतो, असा तो निर्णय होता.

अट मोडल्यास काय होते, हे कलम ९ सांगते. न्यायालय मूळ गुन्ह्याची शिक्षा देऊ शकते; किंवा चूक पहिलीच असेल तर बंधपत्र कायम ठेवून पन्नास रुपयांपर्यंत रक्कम भरावयास लावू शकते. उलट वर्तणूक समाधानकारक असल्यास, परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून अटी बदलता येतात किंवा मुदतीपूर्वीच मुक्तताही होऊ शकते.

काही गुन्हे ह्या सवलतीबाहेर आहेत. अनुसूचित जाती व जमातींवरील अत्याचारांच्या १९८९ च्या कायद्यात अठरा वर्षांवरील अपराध्यास परिवीक्षेचा लाभ स्पष्टपणे नाकारला आहे. अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यातही थोड्या अपवादांनी तसेच आहे. सुधारणेच्या तत्त्वाला कायद्याने ही कुंपणे हेतुपूर्वक घातली आहेत, हे विसरू नये.

नोकरीसंबंधीचा एक गैरसमजही येथेच दूर करणे इष्ट होईल. कलम १२ अन्वये परिवीक्षेवर सुटलेल्यास दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता येत नाही. परंतु दोषसिद्धी पुसली जात नाही. ज्या वर्तनाबद्दल ती झाली, त्याबद्दल खाते चौकशी करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ व १९९० च्या निकालांत स्पष्ट केले आहे.

४

भरपाईचा संबंध येथे येतो. शिक्षा म्हणून दंड झाला असता त्यातील काही भाग पीडितास देण्याची तरतूद सर्वसाधारण संहितेत होतीच. परंतु परिवीक्षेत शिक्षाच नसते, म्हणून दंडही नसतो. मग ज्याचे नुकसान झाले त्याचे काय? ही उणीव कलम ५ ने भरून काढली. कलम ३ किंवा ४ खाली सोडताना न्यायालय त्याच वेळी अपराध्यास वाजवी भरपाई व खटल्याचा खर्च देण्याचा आदेश करू शकते. ही रक्कम न दिल्यास ती दंडाप्रमाणे वसूल करता येते. पुढे दिवाणी दावा झाल्यास तेथील न्यायालयाने ही रक्कम हिशेबात धरावयाची असते. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या कर्तव्यांतही भरपाई देण्याच्या कामी अपराध्यास सल्ला व साहाय्य देणे हे एक कर्तव्य सांगितले आहे. देखरेख करणारा अधिकारी देणे फेडावयासही मदत करतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट करू. समजा, मुखेड तालुक्यातील वीस वर्षांच्या एका तरुणाने शेजाऱ्याच्या विहिरीवरील नऊ हजार रुपयांची मोटार चोरली. पोलिसांना ती सापडली आणि सुपुर्दनाम्यावर धन्याला मिळाली. परंतु ती जळालेली होती, आणि मधल्या काळात पाण्यावाचून हरभराही गेला. मोटार परत मिळणे म्हणजे वस्तूचे परत येणे होय. दुरुस्तीचा व पिकाचा तोटा त्याने भरून निघत नाही. न्यायालयाने तरुणास दोन वर्षांच्या बंधपत्रावर सोडले आणि कलम ५ खाली धन्यास ठरावीक रक्कम देवविली, तर तीन गोष्टी एकाच वेळी घडतात : तरुण तुरुंगापासून दूर राहतो, धन्याच्या हाती काही पडते आणि शिक्षेची टांगती तलवार कायम राहते. ‘मोटार दिली, पैसे भरले, मिटले’ असे जर कोणी म्हणेल, तर त्याने ह्यांतील तिसरी गोष्ट गमावली.

‘मिटणे’ ह्या शब्दाचाही येथे विचार करावयास हवा. कायद्यात समेटाने मिटणारे गुन्हे निराळे सांगितले आहेत. तेथे पीडिताची संमती लागते आणि परिणाम निर्दोष मुक्ततेचा असतो. कलम ५ च्या भरपाईस पीडिताची संमती लागत नाही आणि अपराधही मिटत नाही. व्यवहारात दोहोंत पैसे देणे हीच दृश्य क्रिया असल्याने गावकऱ्यास ती एकच वाटते.

भरपाई किती असावी, ह्याविषयी १९८८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल मार्गदर्शक मानला जातो. हरयाणातील त्या मारहाणीत जखमी झालेल्याची वाचाशक्ती कायमची बिघडली होती. उच्च न्यायालयाने आरोपींना चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडून प्रत्येकी २,५०० रुपये भरपाई ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने परिवीक्षा कायम ठेवली, परंतु भरपाई वाढवून एकूण ५०,००० रुपये केली. गुन्ह्याचे स्वरूप, मागणीचा न्याय्यपणा आणि देणाऱ्याची ऐपत पाहून रक्कम ठरवावी, जरूर तर हप्ते बांधून द्यावेत, आणि न्यायालयांनी हा अधिकार सढळपणे वापरावा, असे त्यात म्हटले आहे. ज्याची वाचाच गेली तो भरपाई मागणार कशी, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाच्या मनात उभा राहिल्याशिवाय राहत नाही. म्हणूनच महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली घालून दिलेला नियम महत्त्वाचा आहे : भरपाईच्या प्रश्नाचा विचार करणे हे प्रत्येक फौजदारी खटल्यात न्यायालयाचे कर्तव्य असून, ती देण्याची वा न देण्याची कारणे नमूद झाली पाहिजेत. मागणारा मुका असला तरी विचार चुकत नाही.

अपराधी निष्कांचन असेल तर? ह्यासाठी २००८ च्या दुरुस्तीने संहितेत राज्याच्या निधीतून पीडितास भरपाई देण्याची तरतूद आली, व जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे रक्कम ठरविण्याचे काम सोपविण्यात आले. प्रजाजनास चोरीचे द्रव्य राजाने द्यावे, ह्या स्मृतिवचनाचे हे आधुनिक रूपच म्हणता येईल.

५

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अंमलात आल्या. भरपाई, राज्याची पीडित योजना आणि चांगल्या वर्तणुकीवर सुटका ह्या तरतुदी दुसऱ्या संहितेत अनुक्रमे कलम ३९५, ३९६ व ४०१ मध्ये आल्या आहेत. १९५८ चा अधिनियम मात्र कायम आहे. नवी गोष्ट अशी की, समाजसेवा ही शिक्षा म्हणून प्रथमच दाखल झाली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या चोरीत, प्रथमच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली असता, त्याला समाजसेवेची शिक्षा द्यावयाची आहे. वरील उदाहरणात मोटारीऐवजी चार हजारांचा स्टार्टर असता, तर हा नियम लागू झाला असता. परत देण्याच्या कृतीवर शिक्षेचे स्वरूप अवलंबून ठेवणारी ही तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

६

आता शब्दांकडे वळू. इंग्रजी ‘प्रोबेशन’ हा शब्द पारखणे, कसोटीस लावणे ह्या अर्थाच्या लॅटिन धातूपासून आला आहे. मराठीत त्यास ‘परिवीक्षा’ हा प्रतिशब्द रूढ झाला. त्यात परि व वि हे उपसर्ग आणि ईक्ष् म्हणजे पाहणे हा धातू आहे. मूळ शब्दात कसोटी आहे, तर मराठी शब्दात पाहणी आहे. पाहणीच्या ह्या छटेमुळे परिवीक्षा अधिकारी म्हणजे पाळत ठेवणारा, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. साहाय्याची बाजू शब्दातून निसटली आहे. शिवाय सरकारी नेमणुकीच्या पत्रांत ‘परिवीक्षाधीन’ हाच शब्द नव्या कर्मचाऱ्यास लागतो. शिक्षक म्हणून नेमणूक झालेला पदवीधर आणि चोरीत दोषी ठरलेला तरुण एकाच शब्दाखाली यावेत, ही परिभाषेची सोय नव्हे, अडचण आहे.

जुन्या मराठी व्यवहारात ह्याहून नेमके शब्द होते. हजर राहण्याबद्दलचा तो हाजिरजामीन, पैशाबद्दलचा तो मालजामीन आणि वर्तणुकीबद्दलचा तो फैलजामीन. ह्यांतील फैल म्हणजे कृत्य, वर्तन. कलम ४ चा जामीनदार नेमका हाच होय. आज तिन्हींना एकच ‘जामीन’ शब्द उरल्याने, शेजाऱ्यासाठी सही करणाऱ्यास आपण कशाची हमी घेतली हेच पुष्कळदा कळत नाही. तुर्की वळणाचा ‘मुचलका’ हा शब्द मराठवाड्यात उर्दूच्या परिचयामुळे अद्याप सहज समजतो. ‘बंधपत्र’ शुद्ध खरा, परंतु तो कागदावरच राहतो.

‘गुन्हेगारी’ ह्या शब्दाचा प्रवास तर उद्बोधक आहे. मराठेशाहीतील न्यायनिवाड्यात जिंकणाऱ्याने सरकारास द्यावयाची ती हरकी आणि हरणाऱ्याने द्यावयाची ती गुन्हेगारी. रकमेचे नाव पुढे कृत्याचे नाव झाले. ह्याउलट ‘भरपाई’ हा हिशेबाच्या वहीतील शब्द आहे. येणे पुरते भरून पावल्याची ती कबुली. न्यायालयाच्या आदेशातील वाजवी रक्कम पुष्कळदा पुऱ्या नुकसानीइतकी नसते, तरी शब्द पूर्णतेचा भास निर्माण करतो. ‘प्रत्यर्पण’ हा परत देण्याचा सुबक शब्द होता, परंतु तो आता परदेशातून आरोपी ताब्यात घेण्याच्या अर्थी स्थिर झाला आहे. तेव्हा वस्तू परत करण्यासाठी ‘परत देणे’ हेच साधे क्रियापद बरे.

७

हा विचार केवळ कोशापुरता राहू नये. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कंधार, मुखेड, जळकोट अशा भागांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस किंवा वीटभट्टीवर जातात व उन्हाळ्यात परततात. कलम ४ नुसार अपराध्याचे किंवा जामीनदाराचे कायम राहण्याचे ठिकाण अथवा नियमित व्यवसाय न्यायालयाच्या हद्दीत किंवा बंधपत्राच्या मुदतीत अपराधी जेथे राहण्याचा संभव आहे तेथे असावा लागतो. बंधपत्रात राहण्याच्या ठिकाणाची अट असेल, तर कोयता घेऊन कारखान्याकडे निघालेला मजूर नकळत ती मोडतो. त्याची वर्तणूक बिघडलेली नसते. पोटासाठी तो गाव सोडून गेलेला असतो. ह्यावर उपाय कायद्यातच आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून कलम ८ खाली अट बदलून घेता येते. परंतु त्यासाठी मजुराने निघण्यापूर्वी अधिकाऱ्यास गाठले पाहिजे. आणि आपण अद्याप बांधलेले आहोत हे त्याला ठाऊक असेल तरच तो गाठील. ‘सुटला’ ह्या एका क्रियापदाने येथे प्रत्यक्ष तुरुंगाचे दार उघडू शकते.

महाराष्ट्रात राजभाषा अधिनियम १९६४ साली झाला आणि १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. तेव्हा भाषांतराचा अडसर तत्त्वतः दूर झालेला आहे. उरतो तो मराठीतूनच मराठीत समजावून सांगण्याचा प्रश्न. बंधपत्राच्या छापील नमुन्यास पाच साध्या वाक्यांची पुरवणी जोडता येईल, असे सुचवावेसे वाटते : ‘तुमचा गुन्हा शाबीत झाला आहे. शिक्षा आज दिलेली नाही, पण ती रद्दही झालेली नाही. अमुक तारखेपर्यंत ह्या अटी पाळावयाच्या आहेत. गाव सोडावयाचे असल्यास आधी परिवीक्षा अधिकाऱ्यास सांगा. भरावयाची रक्कम सरकारचा दंड नसून, ज्याचे नुकसान झाले त्याची भरपाई आहे.’ ही वाक्ये ऐकल्यावर अपराध्याने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगावी, म्हणजे समजले की नाही ह्याची खात्री पटेल.

ह्या विद्यापीठाच्या क्षेत्रातील बोलींत कायद्याचे कोणते शब्द कोणत्या अर्थाने रुळले आहेत, ह्याचा तालुकावार संग्रह पदव्युत्तर विद्यार्थ्यांस करता येण्याजोगा आहे. मिसल, तावान, मुचलका, जामीन, मिटवणे, सुटणे अशा शब्दांपासून त्याचा आरंभ करावा. असा संग्रह शब्दकोशास उपयोगी पडेलच. परंतु कंधारहून कारखान्याकडे निघालेल्या एखाद्या तरुणाला आपल्या आदेशाचा अर्थ त्यामुळे वेळीच कळला, तर त्या श्रमाचे अधिक मोठे सार्थक होईल.